वाचकांचे प्रश्न : दुकानाचा संगणक आणि त्याच्या किल्ल्या

या वेळी निवडलेली पत्रे नागपूर आणि परिसरातील लहान व्यावसायिकांची आहेत. पत्रलेखकांची आणि त्यांच्या व्यवसायांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत, आणि लांबलचक पत्रांतील मुद्द्याचा भाग तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : गांधीबागेत आमचे घाऊक कापडाचे दुकान आहे. गेल्या सोमवारी मुनीमजींनी संगणक सुरू केला तेव्हा टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आमची कंपनीच दिसेना. फोल्डर उघडून पाहिले तर प्रत्येक फाईलच्या नावापुढे चार अनोळखी अक्षरे लागलेली होती आणि सोबत इंग्रजी मजकुराची एक फाईल होती. सर्व फाईली कुलूपबंद केल्या असून ९८० डॉलर भरावेत, तीन दिवसांत भरल्यास निम्मे घेऊ, असे तीत लिहिले आहे. बॅकअपची हार्ड डिस्क संगणकाला जोडलेलीच होती, तीही तशीच झाली. संगणक दुरुस्तीवाला फॉरमॅट करू म्हणतो. पैसे भरावेत का? (एक व्यापारी, गांधीबाग)

उत्तर : फॉरमॅट करू देऊ नका. हे आधी सांगतो, कारण उरलेली शक्यता ज्यामुळे कायमची बंद होते असे पाऊल बहुधा घाईत उचलले जाते, आणि ते आपलाच माणूस उचलतो. संगणकाची नेटवर्कची तार काढा, वायफाय बंद करा आणि दुकानातील दुसरे संगणक त्याच तारेवर असतील तर तेही वेगळे करा. ती हार्ड डिस्क आणि संगणकातील डिस्क जशा आहेत तशा बाजूला ठेवा आणि काम सुरू करण्यासाठी नवीन डिस्क बसवून घ्या. एका डिस्कची किंमत आपल्या पाच वर्षांच्या हिशेबापुढे काहीच नाही. मागणीची ती इंग्रजी फाईल पुसू नका, तिची प्रत ठेवा आणि पडद्याचे छायाचित्रही घ्या.

आपण दिलेल्या खुणा, म्हणजे चार अक्षरांचे शेपूट, ९८० डॉलर आणि तीन दिवसांत निम्मी सवलत, या स्टॉप किंवा डीजेव्हीयू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खंडणीखोर प्रोग्रामांच्या कुळाशी जुळतात. हे कुळ मोठ्या कंपन्यांच्या मागे लागत नाही. ते फुकट मिळणाऱ्या ‘क्रॅक’ केलेल्या, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडलेल्या सॉफ्टवेअरमधून घरगुती आणि दुकानांतील संगणकांत शिरते. त्यामुळे मागच्या आठवड्यात कोणी त्या संगणकावर डिझाईनचे, व्हिडिओचे किंवा ऑफिसचे सॉफ्टवेअर फुकट उतरवून बसवले होते का, हे न रागावता विचारा. न रागावता असे मुद्दाम म्हणतो, कारण रागावून विचारले की उत्तर ‘नाही’ असेच येते आणि मग शोध भलत्या दिशेने जातो.

मागणीच्या फाईलच्या तळाशी आपल्यासाठी एक लांब ओळखक्रमांक दिलेला असेल. त्याची शेवटची दोन अक्षरे इंग्रजी टी आणि आकडा १ अशी असतील, तर फाईली बंद करताना त्या प्रोग्रामला इंटरनेटवरून खास किल्ली मिळाली नव्हती आणि त्याने स्वतःजवळची सामायिक किल्ली वापरली, असा त्याचा अर्थ बहुधा असतो. अशा फाईली पुढेमागे सुटण्याची शक्यता असते. डच पोलीस, युरोपोल (युरोपीय पोलीस संस्था) आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमाच्या संकेतस्थळावर बंद झालेली एखादी फाईल आणि मागणीचा मजकूर देऊन तपासता येते. किल्ली उपलब्ध असेल तर ती तेथे विनामूल्य मिळते. आज नसली तरी डिस्क जपून ठेवण्यात शहाणपणा आहे, कारण किल्ल्या कधीकधी काही महिन्यांनी बाहेर येतात. ‘शंभर टक्के फाईली सोडवून देतो’ अशी जाहिरात करणारे पुष्कळ आहेत. त्यांतील बरेचसे खंडणीखोराशी घासाघीस करून मधला फरक खिशात घालणारे असतात.

पैसे भरावेत का, याचे माझे उत्तर नाही असे आहे. पैसे भरल्यावर चालणारी किल्ली मिळेल याची हमी देणारा कोणी नाही. शिवाय या कुळातील प्रोग्राम पुष्कळदा सोबत पासवर्ड चोरणारा आणखी एक प्रोग्राम आणतो, तो पैसे भरून निघून जात नाही. म्हणून दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून आजच्या आज बँक, ईमेल, जीएसटी आणि आयकराचे सर्व पासवर्ड बदला. ब्राउझरने लक्षात ठेवलेला प्रत्येक पासवर्ड चोरीला गेला आहे असेच समजा.

तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आणि शहरातील सायबर पोलीस ठाण्यात करा. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवायची असते. ती वेळ आपल्या हातून गेली आहे, तरी कळवा. ‘हे मोठ्या कंपन्यांसाठी असेल’ असे समजू नये. निर्देशांत वापरलेल्या ‘बॉडी कॉर्पोरेट’ या शब्दाची माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ मध्ये जी व्याख्या आहे, तीत भागीदारी संस्था आणि एकल मालकीचा व्यवसायही येतो.

आता हिशेब. तो वाटतो तितका नाहीसा झालेला नाही. विक्रीची विवरणे आणि खरेदीची जुळणी जीएसटी पोर्टलवर आहे, ई-वे बिले वेगळ्या पोर्टलवर आहेत, बँकेचे उतारे बँकेकडे आहेत आणि मागील वर्षांच्या टॅलीची प्रत बहुधा आपल्या सनदी लेखापालांकडे पडून असते. ती आधी मागा. पोर्टलवरून परत मिळणार नाही ते म्हणजे मालाचा साठा, रोखीचे व्यवहार आणि उधारी. उधारीसाठी प्रत्येक व्यापाऱ्याकडून खातेउतारा मागवावा लागेल, आणि तो मागताना आपल्याकडील आकडा गेला आहे हे सांगावे की नाही, हा व्यापारी शहाणपणाचा प्रश्न मी आपल्यावर सोडतो. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायची असतात, त्यामुळे ही जुळवाजुळव टाळता येणार नाही.

बॅकअपविषयी आपल्या पत्रातच सगळे आले आहे : डिस्क जोडलेलीच होती. सतत जोडलेली डिस्क हे संगणकाचेच दुसरे अंग असते, संगणकाला जे होते ते तिलाही होते. दोन डिस्का घ्या आणि त्यांवर शाईने ‘सम’ आणि ‘विषम’ असे लिहा. सम तारखेला एक, विषम तारखेला दुसरी. दुकान बंद करताना प्रत घ्यायची, डिस्क काढायची आणि मालकाने घरी न्यायची, म्हणजे एक डिस्क नेहमी दुकानाबाहेर राहील. घरी न्यायची ही अट काही जणांना अतिरेकी वाटते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचे पाणी सीताबर्डीपर्यंत शिरले आणि मोरभवनचे बसस्थानक पाण्याखाली गेले, तेव्हा तळमजल्यावरील संगणकाला आणि त्याच टेबलाच्या खणातील बॅकअपला पाण्याने वेगवेगळे वागवले नसते. गूगल ड्राईव्हसारख्या सेवेत फोल्डर आपोआप जुळवून ठेवणे हा बॅकअप नव्हे, कारण बिघडलेली फाईलही तितक्याच तत्परतेने वर चढते. मात्र तेथे फाईलच्या जुन्या आवृत्त्या काही दिवस राहतात, त्यामुळे असे काही जुळवलेले असेल तर आज रात्रीच पाहून घ्या.

आणि महिन्यातून एकदा, दुसऱ्या संगणकावर, ती प्रत उघडून पाहा. टॅलीचा डेटा आकडी नावाच्या फोल्डरमध्ये असतो. परवाना नसलेल्या संगणकावरही टॅलीच्या एज्युकेशनल मोडमध्ये कंपनी उघडून पाहता येते, फक्त आवृत्ती तीच असावी. कंपनी उघडावी, काल सायंकाळचे शेवटचे बिल शोधावे, त्याची रक्कम कागदी बिलाशी ताडून पाहावी. याला दहा मिनिटे लागतात. मी पाहिलेल्या एका दुकानात दोन वर्षे रोज निष्ठेने बॅकअप घेतला जात होता, आणि तो एका जुन्या, बंद केलेल्या कंपनीचा होता.

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत आमचा लहान कारखाना आहे. पुण्याच्या नेहमीच्या पुरवठादाराकडून मेल आली की त्यांचे बँक खाते लेखापरीक्षणामुळे बदलले असून पुढील रक्कम नव्या खात्यात भरावी. मेलमध्ये आमच्या आधीच्या पत्रव्यवहाराचा पूर्ण धागा आणि त्यांच्या बिलाची हुबेहूब प्रत होती. आम्ही ४ लाख ८० हजार रुपये एनईएफटीने भरले. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला की रक्कम मिळालेली नाही. नुकसान कोणाचे? (एक उद्योजक, हिंगणा)

उत्तर : आठ दिवस झाले असले तरी आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि आपल्या बँकेला लेखी कळवा. या क्रमांकावर तक्रार नोंदवली की रक्कम ज्या ज्या खात्यांतून पुढे सरकली त्या बँकांना सूचना जाते आणि जी शिल्लक सापडेल ती गोठवली जाते. पहिल्या काही तासांत फोन केला तर शिल्लक सापडण्याची शक्यता पुष्कळ असते. आठ दिवसांनंतर ती फार कमी उरते, हे आपल्यापासून लपवत नाही.

आता ती मेल संगणकावर उघडा, मोबाईलवर नव्हे. मोबाईलवर केवळ पाठवणाऱ्याचे नाव दिसते, आणि नाव काहीही लिहिता येते. पाठवणाऱ्याच्या पूर्ण पत्त्यावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचा. इंग्रजी एम ऐवजी आर आणि एन ही दोन अक्षरे शेजारीशेजारी ठेवली की लहान ठशात डोळ्यांना एमच दिसतो. पत्ता असा बनावट निघाला, तरी जुन्या पत्रव्यवहाराचा धागा त्याच्या हाती कसा लागला हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर एकच असते : आपली किंवा पुरवठादाराची मेलपेटी कोणीतरी काही आठवडे शांतपणे वाचत होते. आपल्या मेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर हे दोन विभाग पाहा. ‘बिल’ किंवा ‘पेमेंट’ असा शब्द असलेली मेल एका अनोळखी पत्त्याला पाठवावी आणि मग पुसावी, असा नियम तेथे सापडला तर घुसखोर आपल्याकडे आहे. पासवर्ड बदलला तरी असा नियम चालूच राहतो, तो वेगळा काढून टाकावा लागतो. पुसण्याआधी त्याचे छायाचित्र घ्या. पुरवठादारालाही हेच पाहायला सांगा.

नुकसान कोणाचे, याबाबत वकिलांचा सल्ला घ्यावाच लागेल. सर्वसाधारणपणे ज्याला पैसे मिळालेलेच नाहीत त्याचे येणे फिटले असे होत नाही, पण फसवणूक त्याच्याच मेलपेटीतून झाली असेल तर वाद घालण्यास जागा राहते. म्हणूनच वरचे छायाचित्र महत्त्वाचे आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास ग्राहकाला भुर्दंड पडत नाही, असे आपल्याला कोणी सांगेल. ते संरक्षण बँक आणि ग्राहक या दोघांचीही चूक नसताना परस्पर झालेल्या व्यवहारांसाठी आहे. आपण हा व्यवहार स्वतः, स्वतःच्या पासवर्डने केला आहे.

एनईएफटीत रक्कम खातेक्रमांक पाहून जमा होते, लिहिलेले नाव पाहून नव्हे. अनेक वर्षे फसवणूक करणाऱ्यांचे सारे भांडवल हेच होते. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ एप्रिल २०२५ पर्यंत सर्व बँकांना एनईएफटी आणि आरटीजीएससाठी लाभार्थ्याचे नाव आधी दाखवण्याची सोय द्यायची होती. नवीन खाते जोडताना ते नाव वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. कंपनीला पैसे भरायचे आणि नाव एखाद्या व्यक्तीचे दिसले, तर तेथेच थांबावे. याहून जुना आणि अजूनही सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे फोन. तो मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर नव्हे, तर आपल्या वहीतील जुन्या क्रमांकावर, आणि ज्याचा आवाज आपण ओळखतो अशा माणसाला करावा. ‘खाते बदलले’ हे वाक्य मेलमध्ये, व्हॉट्सॲपवर किंवा बिलाच्या तळाशी कोठेही दिसले की हा फोन झाल्याशिवाय रक्कम सोडायची नाही, असे लेखा विभागाला लेखी देऊन ठेवा. मग मालकाने घाई केली तरी त्यांना तो कागद दाखवता येईल.

प्रश्न : मी आणि माझी बहीण धरमपेठेत फराळाचा व्यवसाय करतो. जीएसटी नोंदणीच्या वेळी सल्लागारांनी त्यांचाच मोबाईल आणि ईमेल दिला होता. आता ते फोन उचलत नाहीत आणि पासवर्डही त्यांच्याकडेच आहे. आमचे इन्स्टाग्रामचे पान आणि गूगल नकाशावरील नोंद पूर्वी कामाला असलेल्या मुलाने स्वतःच्या खात्यातून केली होती. हा सायबर सुरक्षेचा प्रश्न आहे की नाही हे माहीत नाही, तरी विचारते. (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : लहान व्यवसायात सायबर सुरक्षेचा याहून मोठा प्रश्न क्वचितच असतो. चोर कुलूप फोडून येतो अशी आपली कल्पना असते, आणि इकडे दुकानाच्या किल्ल्या गावभर वाटलेल्या असतात. सल्लागारांचा हेतू वाईटच असेल असे नाही. शंभर ग्राहकांचे ओटीपी मागत बसण्यापेक्षा स्वतःचा क्रमांक देणे त्यांना सोयीचे वाटते. पण तुमच्या नावाने भरले जाणारे प्रत्येक विवरणपत्र ज्याच्या फोनवर येणाऱ्या ओटीपीने मंजूर होते, नोंदणीची सूत्रे प्रत्यक्षात त्याच्याच हाती असतात, आणि जबाबदारी मात्र तुमच्या दोघींची.

सुदैवाने असे प्रकार इतके झाले होते की २०१८ मध्येच त्यावर मार्ग काढण्यात आला. आपल्या कार्यक्षेत्रातील कर अधिकाऱ्याकडे जाऊन जीएसटी क्रमांकाचा, व्यवसायाचा आणि ओळखीचा पुरावा दिला, की अधिकारी पडताळणी करून नवीन ईमेल आणि मोबाईल नोंदवतात आणि त्यावर नवा तात्पुरता पासवर्ड येतो. आपले कार्यक्षेत्र केंद्राकडे आहे की राज्याकडे, हे पोर्टलवर क्रमांक टाकून पाहता येते. भागीदारीचा करारनामा सोबत न्या. डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन सल्लागारांकडे राहिले असेल तर तेही मागा, आणि मिळाले नाही तर ते प्रमाणपत्र रद्द करून नवे घ्या. टोकन आणि त्याचा पिन दुसऱ्याकडे ठेवणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देण्यासारखे आहे, हे घरातील मोठी माणसे आपल्याआधी ओळखतील.

नकाशावरील नोंदीसाठी गूगलकडे मालकीची विनंती करता येते. ती सध्याच्या मालकाकडे जाते आणि त्याने ठरलेल्या मुदतीत उत्तर दिले नाही, तर बहुधा पडताळणी करून नोंद आपल्याकडे घेता येते. इन्स्टाग्राममध्ये त्या मुलाचे सहकार्य लागेल. त्याला फोन करा, गोड बोला, आणि हे काम दिवाळीच्या गर्दीआधी उरका. यापुढे व्यवसायासाठी वेगळा मोबाईल क्रमांक आणि वेगळे ईमेल खाते काढा, दोन पायऱ्यांची पडताळणी चालू करा आणि तिचे राखीव कोड कागदावर लिहून कपाटात ठेवा. पासवर्ड कागदावर लिहू नयेत असा नियम सांगितला जातो. लहान व्यवसायापुरता मी तो मानत नाही. कपाटातील वहीपर्यंत दूरदेशीचा चोर पोहोचत नाही. पण तीच वही पडद्याला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीच्या रूपात असेल तर मात्र ती गिऱ्हाईकही वाचते.

प्रश्न : दुकानात विंडोज १० चे तीन संगणक आहेत. कोणता अँटिव्हायरस घ्यावा? (एक वाचक, महाल)

उत्तर : अँटिव्हायरसआधी विंडोजकडे पाहा. विंडोज १० ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळण्याची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. दार मोडके असताना राखणदार बदलून भागत नाही. २०१७ च्या १२ मे रोजी वॉनाक्राय या प्रोग्रामने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा तो ज्या छिद्रातून शिरत होता ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. बुडाले ते मुख्यतः अपडेट न केलेले संगणक. यंत्रांची ताकद असेल तर विंडोज ११ घ्या, नसेल तर ज्या संगणकावर बँकेचे काम होते तो आधी बदला. नव्या विंडोजसोबत येणारा डिफेंडर हा अँटिव्हायरस चालू आणि अद्ययावत ठेवला तर तीन संगणकांच्या दुकानाला तो पुरतो. तसेच घरून टॅली पाहता यावी म्हणून कोणी राउटरमधून रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुरून संगणक वापरण्याच्या सोयीचा, ३३८९ क्रमांकाचा पोर्ट उघडून ठेवला असेल, तर तो आजच बंद करवून घ्या. असे उघडे दार शोधत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस इंटरनेटवर चालू असतात आणि पासवर्डचे अंदाज लावताना ते थकत नाहीत.

प्रश्न : वाडीला आमचा ट्रान्सपोर्टचा व्यवसाय आहे. व्यवस्थापकांच्या व्हॉट्सॲपवर गाडीच्या ई-चलानची एक एपीके फाईल (अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणारी फाईल) आली. त्यात आमच्या ट्रकचा क्रमांकही होता. त्यांनी ती बसवली. अजून पैसे गेलेले नाहीत. काय करावे? (एक वाहतूकदार, वाडी)

उत्तर : फोन लगेच विमान मोडमध्ये टाका आणि त्यातील सिमकार्ड काढून एखाद्या साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला, म्हणजे येणारे ओटीपी त्या प्रोग्रामच्या हाती लागणार नाहीत. अशा फाईली एसएमएस वाचण्याची परवानगी मागतात आणि आलेला प्रत्येक संदेश परस्पर पुढे पाठवतात. साध्या फोनवरून बँकेला कळवून नेट बँकिंग आणि यूपीआय थांबवा, १९३० वर नोंद करा, आणि मग लागण झालेला फोन कारखान्यातून आल्यासारखा कोरा करा. केवळ ॲप काढून टाकणे पुरेसे नाही, कारण काही ॲप आपले चिन्हच लपवून बसतात. व्हॉट्सॲप नव्याने सुरू केल्यावर ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ मध्ये अनोळखी यंत्र नाही ना, ते पाहा.

ट्रकचा क्रमांक बरोबर होता म्हणून संदेश खरा वाटला, हे समजण्यासारखे आहे. पण तो क्रमांक गाडीच्या पुढेमागे मोठ्या अक्षरांत लिहिलेलाच असतो. खरे चलान परिवहन विभागाच्या ई-चलान संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून पाहता येते आणि तेथेच भरता येते. त्यासाठी व्हॉट्सॲपवरून आलेली फाईल बसवावी लागत नाही. व्यवस्थापकांच्या फोनवरून हीच फाईल त्यांच्या संपर्कांतील सर्वांना गेली असण्याची शक्यता मोठी आहे, त्यामुळे चालकांच्या व्हॉट्सॲप गटावर संदेश टाकून थांबू नका. रस्त्यावर असलेल्या प्रत्येक चालकाला आज सायंकाळपर्यंत फोन करून विचारा, कारण डिझेलचे आणि टोलचे पैसे त्यांच्याच फोनवरून जात असतात.